ते सीटचं हाय

बाबा,

तुमची गाडी गेल्या आठवड्यात विकता विकता राहिली. त्यावरून माझं आणि आईचं असं काही वाजलं, की शेजारच्या भाभी गच्चीवरून डोकावून "सब ठीक है ना दीदी?" असं विचारून गेल्या. काही ठीक नव्हतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या नातवाला तुमचा आवाजसुद्धा माहीत नाही, आणि आमच्या घरात अजून भांडण होतं ते कशावरून, तर तुमच्या त्या लेदरच्या सीटांवरून! तेव्हा आज मी सगळं बोलून घेणार आहे. मधे बोलू नका. तुम्ही आता मधे बोलू शकत नाही, एवढं एक बरं झालं आहे.

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा भोपाळची किती माणसं इकडे आली आणि इकडची किती तिकडे गेली. तुमचे एक साहेब भोपाळला निघाले आणि त्यांची गाडी तुम्ही घेतली. जन्म सगळा स्कूटरवर गेलेला माणूस! बुढापाऱ्याच्या आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकाला पाय टेकून थांबावं लागतं, आणि तिथे तुम्ही ती लांबलचक पांढरी गाडी घेऊन आलात. आत बदामी रंगाच्या लेदरच्या सीटा. अख्खा पारा, सगळा मोहल्ला, बघायला आला. तुम्ही दार उघडून दाखवायचे आणि कोणी हात पुढे केला की लावून घ्यायचे. मग गाडीला सावली पाहिजे म्हणून अंगणावर टिनाचं शेड घातलं. त्या अंगणात आईचं वाळवण असायचं, कुरड्या, मुगवड्या, वर्षाच्या मिरच्या. "उन्हानं लेदर तडकते," तुम्ही म्हणालात, विषय संपला. आई बापडी सगळं टोपल्यांत भरून जिन्यानं गच्चीवर वाहत राहिली. गुडघे तिचे, गाडी तुमची.

आणि ते नियम! डोक्याला तेल लावलं असेल तर मान मागे टेकायची नाही. मुठीत घाम आला असेल तर सीटला हात लावायचा नाही. समोसा, पेरू, पाण्याची बाटली, काहीच न्यायचं नाही. आईच्या केसांना तर रोजच तेल. म्हणून ती मागच्या सीटवर टॉवेल अंथरून, मान ताठ करून, गुडघे जवळ घेऊन बसायची. नागपूरला मामाकडे जायचं म्हणजे पाच-सहा तासांचा रस्ता, आणि ही बाई अशी बसलेली, डॉक्टरच्या खोलीबाहेर नंबर लावून बसतात तशी. एकदा डोळा लागला आणि तिचं डोकं मागे टेकलं, तर तुम्ही आरशातून बघून गाडी बाजूला घेतली आणि तिला उठवलंत. रागावला नाहीत. नुसतं म्हणालात, "डाग पडन." मला तर वाटतं रागावला असता तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी तुम्ही सीटा स्वच्छ करायला बसायचे आणि मी सोबत असायची, कारण माझी बोटं बारीक होती आणि शिवणीत जायची. मला अजून सगळं पाठ आहे. तुमच्या दाढीच्या जुन्या ब्रशनं शिवणीतली धूळ काढायची. फडकं आईच्या मऊ झालेल्या सुती साडीचंच, आणि ओलं नाही, ओलसर, पिळून पिळून थेंब उरता कामा नये. साबणाचा फेस फडक्यावर घ्यायचा, सीटवर टाकायचा नाही. घासायचं नाही, पुसायचं. मग कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं आणि शेवटी ती डबीतली क्रीम, बोटाच्या टोकावर अगदी थोडीशी, गोल गोल जिरवायची, म्हणजे भेगा पडत नाहीत. माझा हात जोरात फिरला की तुम्ही म्हणायचे, "हळू कर ना, पोट्टी. चामडं हाय, त्याले बी लागते." तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या तुम्ही त्या सीटा. इतकं मऊ बोलता येत होतं तुम्हाला! मग घरात काहून नाही आलं?

आता त्या दिवसाबद्दल. उन्हाळा आहे, मी कॉलेजात आहे, शेडखाली तुमचे ऑफिसचे मित्र खुर्च्या टाकून बसलेले आहेत. आईच्या टाचांना अशा भेगा पडल्या आहेत की ती स्वयंपाकघरात चवड्यांवर चालते. फरशीवर एका जागी रक्ताचा ठिपका मी सकाळीच पुसला आहे. मेण लावून झालं, तूप लावून झालं. ती बाहेर येते, तुमची क्रीमची डबी ओट्यावर उघडी दिसते, ती खाली बसते आणि बोटभर क्रीम घेऊन टाचेला लावते. चोरून नाही, सगळ्यांसमोर, घरातली वस्तू घ्यावी तशी. आणि तुम्ही ओरडलात, "अवो, ते सीटचं हाय!" एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण समोर मंडळी होती ना! "तुही टाच काय इम्पोर्टेड हाय काय?" सगळे हसले. मोठ्यानं हसले. आईनं पाय साडीखाली घेतला, बोटाला उरलेली क्रीम डबीच्या काठाला पुसून परत ठेवली आणि चहा करायला आत गेली. चहा तिनं आणून दिला, प्रत्येकाच्या हातात. तुम्ही तो प्यायलात. रात्री जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणालात, आणि दुसऱ्या दिवसापासून ती डबी कपाटात, आईच्या पाटल्या असायच्या त्या कप्प्यात, कुलपात गेली.

बायकोच्या टाचा फाटल्या तरी चालेल, सीटला भेग पडता कामा नये. हे तुम्हाला कधी विचित्रही वाटलं नाही का हो? मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून मी सदर बाजारातून आईसाठी टाचांची क्रीम आणली. तुम्ही चष्मा लावून ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, "हे लेदरले चालते काय?" आई हसली. मला तेव्हाही हसू आलं नाही. नंतर तुम्ही फार वर्षं राहिला नाहीत. एका दुपारी ऑफिसातच छातीत दुखलं आणि गेलात, भांडायची सोयसुद्धा ठेवली नाही. जळो ती गाडी, असं मी तेराव्यालाच म्हटलं होतं. आई म्हणाली, "राहू दे."

राहू दे, राहू दे करत गाडी राहिली. चालवत कोणी नाही, पण महिन्यातून एकदा आई आत वाकून सीटा पुसते, क्रीम लावते. सत्तरीची बाई! मी नव्या रायपूरला ऑफिसात असते, संध्याकाळी येऊन बघते तर हिच्या कमरेला शेक चालू. मेल्यावरही तुम्ही तिच्याकडून सेवा करून घेताय, दुसरं काय! मग मी ठरवलं आणि गुढियारीच्या एका गाड्या घेणाऱ्याला बोलावलं. त्यानं दार उघडलं, सीटवर हात फिरवला आणि म्हणाला, "सीट तो एकदम नई है दीदी, बहुत प्यार से रखी है किसी ने." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, भैया, ले जाओ, आज ही ले जाओ.

तेवढ्यात आई आली, मागचं दार उघडून आत बसली आणि दोन्ही पाय वर घेतले. टॉवेल नाही, काही नाही. तेलाचं डोकं मागे टेकलं. तो बिचारा म्हणाला, "अम्मा, उतरिए तो, गाडी देखनी है." आई म्हणाली, "नहीं उतरती. तुम चाय पियो और जाओ." तो गेला. मी सुरू झाले, तेही अंगणातच. म्हटलं, आयुष्यभर या सीटांनी तुझा अपमान केला आणि तू त्यांना गोंजारून राहिली, लाज कशी नाही वाटत? तिनं मान आणखी मागे रेलली. मग म्हणाली, "तुह्या बापानं मले या सीटवर कधी नीट बसू नाही देलं. आता कुठं मी बसून राहिली, त तू विकून राहिली."

रोज दुपारी बसते म्हणे. मी ऑफिसात असते, नातू शाळेत, तेव्हा. दार उघडं ठेवून, पाय पसरून, शेंगदाणे खाते आणि झोपते. मी विचारलं, "आई, तुला राग नाही येत त्यांचा?" ती म्हणाली, "येते ना. म्हणून त पाय वर घेऊन बसते." आणि स्वतःच हसायला लागली. रात्री नातवाला सांगितलं तर तो म्हणतो, "नानी तो बॉस है." मला मात्र झोप लागली नाही. तिचा राग तिनं सीटवर पाय ठेवून फेडला, आता माझ्या रागाचं मी काय करू?

हे मी कुठे पाठवणार नाही, तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, आईला सापडेल. पण एक सांगून टाकते. त्या गाडीवाल्याला मी आईच्या कमरेसाठी बोलावलं नव्हतं. आईचं नाव मी पुढे केलं. गाडीचं दार उघडलं की आतून अजून रविवार सकाळचा वास येतो, साबणाचा, क्रीमचा, तुमच्या बाहीचा, आणि मग मला तुमच्यावर रागावता येत नाही. आणि माझं अजून पुरतं रागावून झालेलं नाही, बाबा.