तुझ्या नावाने गेलेला निरोप

आई, या हंगामात कॅनिंगच्या फॅक्टरीतून तुला कामावर यायचा निरोप गेला. तू गेल्यापासून तुझा मोबाइल बाबा वापरतात, त्यावर मेसेज आला. सोमवारी सकाळी आंबे सोलायच्या विभागात हजर राहावे, असं तुझ्या पूर्ण नावानिशी लिहिलेलं होतं. तो निरोप माझ्यामुळे गेला. कसा गेला ते मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

तू जिथे उभं राहून आंबे सोललेस त्याच फॅक्टरीत मी आता वरच्या मजल्यावर बसते. मालक बदलले, तुमच्या वेळचे सुपरवायझर गेले, लग्नानंतर माझं आडनावही बदललं, त्यामुळे मी कुणाची मुलगी हे ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. आपल्या वाडीतल्या दोन-तीन बायका अजून कामाला येतात. त्या ओळखतात, पण जिन्यात भेटल्या की त्याही 'मॅडम' म्हणून बाजूला होतात, आणि मी त्यांना होऊ देते. मी मुद्दाम काही लपवलं नाही, विषयच निघाला नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. विषय निघू नये याची काळजी मात्र मीच घेत होते. मे महिनाभर चिकाने तुझी बोटं काळी पडायची, सालपटायची. रात्री भाकऱ्या झाल्या की तू चुलीशी बसून त्यांना खोबरेल लावायचीस आणि मला म्हणायचीस, जरा पाणी ओत गो, माझे हात तेलकट हायत. एकदा ऑफिसात कुणीतरी सोलणाऱ्या बायकांच्या हातांवरून काहीबाही बोललं, तेव्हा मी खाली मान घालून चहा ढवळत राहिले.

तर, गेला पावसाळा संपल्यावर फॅक्टरीसाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. आंब्याची आवक, डबे, गोदाम, निर्यात, हंगामी कामगार, सगळं एका जागी. तीन कंपन्यांची माणसं आली, तिघांनीही पडद्यावर रंगीत आलेख दाखवले. मी हट्ट धरला की आपल्या कामातली उदाहरणं टाकून बघितल्याशिवाय निवड करायची नाही. त्याबद्दल माझं कौतुकही झालं. चाचणीत खऱ्या माणसांची माहिती वापरायची नाही, हा नियम मीच घातला. खोट्या कामगारांच्या नावापुढे 'चाचणी' हा शब्द लावायचा, म्हणजे शेवटी ती नावं एका झटक्यात पुसता येतील, हाही माझाच. मग मी एका कामगार बाईची माहिती भरायला बसले, आणि तुझंच नाव टाकलं. वाडी, विभाग, फोन, सगळं मला पाठ. तू आता नाहीस, म्हणजे खऱ्या माणसांत मोडत नाहीस, असाच विचार मी केला असणार. तुझ्या नावापुढे 'चाचणी' लिहायला मात्र मन धजलं नाही. पुढे जे केलं ते करायला बरं धजलं. सॉफ्टवेअर कुठे चुकतं ते बघायला मी तुला विनाकारण गैरहजर टाकलं, एकाच वेळी दोन पाळ्यांत हजर टाकलं, रजेवर असताना ओव्हरटाइम दिला. तुझं वय बारा केलं, तेव्हा त्याने तुला कामावर घ्यायला साफ नकार दिला. कंपनीची माणसं खूश झाली, मीही झाले. तू पहिल्यांदा लोकांच्या बागेत आंबे वेचायला गेलीस तेव्हा जेमतेम तेवढीच होतीस, हे मला घरी येताना आठवलं.

हंगाम तोंडावर आला, पहिला आंबा फॅक्टरीच्या दारात पोचला, आणि घाईघाईत आम्ही चाचणीतली सगळी माहिती उचलून खऱ्या कामात नेली. 'चाचणी' लावलेली नावं पुसली गेली. तुझ्या नावापुढे तो शब्द नव्हता, म्हणून तू राहिलीस. आणि कामावर बोलवायचे मेसेज सुटले, त्यात तुझाही सुटला.

दुसरं कुणी असतं तर मेसेज बघून सोडून दिला असता. पण तुमच्या वेळची रीत बाबांना पक्की माहीत. निरोप आला की जागा धरलेली असते, आणि यायचं नसेल तर घरच्या माणसाने जाऊन सांगायचं. एका मे महिन्यात तुला ताप भरला होता. फॅक्टरीचा टेम्पो तिठ्यावर यायचा, तिथे जाऊन 'आई येत नाही' एवढं सांगायला तू मला धाडलंस, आणि मी वाटेत करवंदं खात बसले. दिवसभर तुझी जागा रिकामी राहिली, तुझ्या वाटणीचे आंबे शेजारच्या बायकांनी सोलले. तू मला मारलं नाहीस. अंथरुणातूनच म्हणालीस, "यायला नाय जमलं तर चालतं गो. पण निरोप नाय दिला, तर बाकीच्यांनी वाट किती बघायची?" बाबा तेव्हा दारात उभे राहून ऐकत होते.

सोमवारी ते आपल्या गावाहून, पावसहून, एसटीने आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी खाली काउंटरपाशीच होते. सॉफ्टवेअर कंपनीचे पुण्याचे दोघे सोबत होते, त्यांना मेसेज कसे व्यवस्थित गेले ते मी दाखवत होते. बाबांनी मला पाहिलं. मग ते माझ्याकडे न येता क्लार्ककडे गेले आणि मोबाइल पुढे करून म्हणाले, "मेसेज आला होता. ती आता यायची नाय, वारली. तिची जागा धरून ठेवू नका, दुसऱ्या कुणा बाईला द्या." क्लार्कने नाव शोधलं, तर ते होतंच. पुण्याच्या एकाने हळू आवाजात मला विचारलं, हे कोण. मी म्हटलं, हंगामी कामगाराच्या घरचे असतील कुणी.

आई, ते हातभर अंतरावर उभे होते. ऐकू गेलंच असणार. त्यांनी माझ्याकडे वळून म्हटलं, "मॅडम, तेवढं नाव काढून टाका." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. माझी अडचण होऊ नये म्हणून त्यांनी मला परकं केलं आणि पिशवी काखेत मारून निघून गेले. मी गेटपर्यंतसुद्धा गेले नाही. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी मी पावसला बाबांकडे गेले, सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. त्यांनी चहा केला होता. सकाळचा विषय मी काढायच्या आत त्यांनीच काढला, पण भलत्याच बाजूने. म्हणाले, "एवढी वर्षं झाली, तरी तिचं नाव जपलंनी बघ त्यांनी." शेजारी दोघांना सांगूनही झालं होतं. तिचं काम तसं होतं म्हणून नाव राहिलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि बोलताना चेहरा फुलला होता. तुझं नाव मी खोटी कामगार म्हणून घातलं होतं, मेलेलं माणूस तक्रार करत नाही म्हणून घातलं होतं, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? मी चहा प्यायले. कपबशा विसळल्या. शेवटची एसटी धरून रत्नागिरीला परत आले.

दुसऱ्या दिवशी क्लार्क आणि मी तुझं नाव काढायला बसलो. घरच्या माणसाने कळवल्याशिवाय कामगाराला मयत दाखवता येऊ नये, ही अट कंपनीकडून मी भांडून घालून घेतली आहे. क्लार्कने विचारलं, "कळवणाऱ्याचं नातं काय टाकू, मॅडम?" खोलीत आम्ही दोघीच होतो. पुण्याचे गेले होते, ऐकणारं कुणी नव्हतं. पडद्यावर 'पती' होतं आणि त्याच्याखाली 'मुलगी'. मी म्हटलं, "पती. काल येऊन गेले ना ते." तिने तसं टाकलं आणि तू गेलीस.

हे पत्र खरं तर बाबांना लिहायला हवं होतं. पण ते वाचतील, म्हणून तुला लिहिलं.