झाशीच्या साहेबांच्या निधनाबाबत

प्रेम नगर, झाशी
२९ सप्टेंबर

तीर्थस्वरूप सौ. आक्काच्या चरणी यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे प्रत्यक्ष घालता येत नाही, कागदावरचाच गोड मानून घ्यावा). तू आणि भाऊजी खुशाल असाल. भाऊजींची साखर हल्ली किती येते ते कळव, जानकी विचारत होती. तू पाठवलेला मोरंबा पोचला. बरणी शाबूत होती, फक्त झाकण वाटेत निघालं, त्यामुळे सोबतची पोथी आता उघडत नाही. इकडे सर्व क्षेम.

पत्रास कारण की, मी जिवंत आहे.

हे इतकं उघड लिहावं लागतं, कारण साताऱ्यापर्यंत मोबाईलवरून कोणी याच्या उलट पोचवलं असण्याची शक्यता आहे. सुतक धरलं असल्यास आभारी आहे, पण आता सोडून द्यावं. यात तुझ्या लेकीचा काही दोष नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

शाल्मली जुलैपासून आमच्याकडे आहे. तिचं संशोधन नेमकं कसलं, असं तू मला फोनवर तीनदा विचारलंस आणि मी तिन्ही वेळा ‘सार्वजनिक आरोग्य’ म्हणून वेळ मारून नेली. आता मला पुरतं समजलं आहे. मुलाला नऊ महिने झाले की गोवराची पहिली लस देतात, दीड वर्षाचं झालं की दुसरी. पहिलीला गावंच्या गावं येतात आणि दुसरीला घरी बसतात. का बसतात, हे दारोदार जाऊन विचारायचं, ते तिचं काम. त्यासाठी तिच्याकडे सत्तावीस प्रश्न आहेत. (मी सिंचन विभागात छत्तीस वर्षं कारकुनी केली. तिथे एका प्रश्नाचं उत्तर मिळालं तर आम्ही त्याची फाईल उघडत असू.) बैठकीतलं आपलं कॅलेंडर काढून तिने तिथे जिल्ह्याचा नकाशा लावला आहे. ज्या गावात दुसरी लस कमी, तिथे लाल टाचणी. जानकीला एकादशी कधी ते कळत नाही, पण गरौठा तहसिलीत गोवर कुठे निघेल हे ती झोपेतही सांगेल.

आता मी या कामात कसा शिरलो ते ऐक. जानकी म्हणते की तिनेच शाल्मलीला विनवलं, ‘यांना दिवसभर कुठेतरी घेऊन जा.’ खरं कारण भाषेचं आहे. तुझी लेक हुशार, पण तिचं हिंदी पुण्याचं. गडबडीत तिने एका बाईला विचारलं, ‘आपके बच्चे ने लस ली क्या?’ त्या बिचारीने लगबगीने आत जाऊन लस्सी नाही म्हणून ताकाचा तांब्या आणला. इकडे लशीला टीका म्हणतात. (आपल्याकडे ती नातेवाईक करतात, इकडे नर्स.) तेव्हा इकडची बुंदेली बोली जाणणारा, वयाने वडीलधारा, दिसायला भारदस्त असा दुभाषी हवा होता. तो घरातच निघाला.

गरौठ्याच्या पलीकडचं गाव. नाव लिहीत नाही, कारण त्या गावाने माझी सेवा केली आहे. बुधवारचा दिवस, अंगणवाडीच्या ओट्यावर नर्स शिवांगी लशींची निळी पेटी घेऊन बसलेली. ही मुलगी दुचाकीवर ती पेटी अशी आणते, जसं कोणी नव्या सुनेला आणावं. त्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत मिळून त्रेचाळीस मुलं दुसऱ्या लशीची राहिली होती. सकाळी चौघांना टोचून झालं आणि मग एक म्हातारी येऊन पुढ्यात बसली. सारा गाव तिला बऊ म्हणतो. तिने ‘हओ’ म्हटलं की गावाचं ‘हो’, नाही म्हटलं की विषय संपला. बऊ म्हणाली, पहिल्या सुईने माझी नातवंडं तापली, रडली, रात्रभर मी मांडीवर घेऊन बसले, आता दुसरी कशाला? प्रश्न रास्त होता. शाल्मली तिला सावकाश समजावू लागली, की ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो, पण गोवर उलटला तर पोर हातचं जातं. मी नुसतं बुंदेलीत सांगायचं होतं.

आक्का, तू मला लहानपणापासून ओळखतेस. मी भाषण केलं.

भाषण चांगलं झालं. बायका ऐकत होत्या. शेवटी मी म्हटलं की यात भिण्यासारखं काय आहे, मुंगी चावते तेवढंच, हे बघा, मी इथेच समोर उभा राहून बघतो. आणि बघितलं. शिवांगीने सुई बाटलीत घातली, वर धरली, टोकावर एक थेंब आला, एवढं मला स्पष्ट आठवतं. त्यानंतर मी हातपंपाच्या चौथऱ्यावर पडलो होतो, कोपर फुटलं होतं, कोणीतरी माझ्या तोंडावर बादलीने पाणी ओतत होतं. ती बऊ. ती शांतपणे म्हणाली, ‘जे तौ गए.’ (हे तर गेले.) बाकी अंगण रिकामं. पस्तीस-चाळीस माणसं मुलांसकट इतक्या लवकर नाहीशी होऊ शकतात, हे मी प्रथमच पाहिलं. मी उठून बसलो, पण ते पाहायला बऊखेरीज गावातलं कोणी उरलं नव्हतं. कोपर लागल्यामुळे शाल्मली म्हणाली की धनुर्वाताचं इंजेक्शन घे. शुद्धीवर असल्याने मला नकार देता आला.

यापुढची चूक मात्र माझी, ती मी कबूल करतो. परतताना गरौठ्यात चहाला थांबलो. शाल्मली फोनवर बोलत दूर उभी होती. चहावाला मला म्हणाला, ‘सुना आपने? झाँसी के एक साहब थे, सुई लगते ही चल बसे.’ आता कोणी गेल्याचं कळलं की माणूस काय म्हणतो? मी सवयीने म्हटलं, ‘अरेरे, बहुत बुरा हुआ.’ तो म्हणाला, ‘आप भी झाँसी के हैं? जानते थे?’ मी म्हटलं, ‘हाँ भैया, थोड़ा-बहुत.’ मग किती वयाचे होते म्हणून चौकशी केली, तर पंचाहत्तरच्या पुढचे होते, असं कळलं. इथे मला, का कोण जाणे, पहिल्यांदा राग आला, पण अजून उलगडा झाला नव्हता. झाला तेव्हा आम्ही निम्म्या वाटेवर होतो, आणि तिकडे चहावाला सांगत होता की झाशीहून त्यांच्या ओळखीचा माणूस येऊन रडून गेला.

दुसऱ्या दिवशी तिन्ही गावांत दारं बंद. एका गावात मी तहसीलदार होतो, दुसऱ्यात माझ्यासोबत एक बैलही गेला होता, तिसऱ्यात भाचीने इस्टेटीसाठी मामाला सुई टोचली होती. (कसली इस्टेट, हे मला त्या गावाला विचारायचं आहे.) मी गाडीत हसत होतो. शाल्मली हसत नव्हती. त्याच दुपारी शिवांगीचा फोन आला, की चार मैलांवरच्या वस्तीत खरोखरचा गोवर निघाला, दीड वर्षाची एक पोर छातीत कफ होऊन झाशीच्या दवाखान्यात आणली आहे, तिचीही दुसरी लस राहिली होती. शाल्मली दवाखान्यात जाऊन आली. जानकीने ताट वाढलं, तिने भाताला हात लावला नाही. नकाशासमोर उभी राहिली आणि त्या तीन टाचण्यांकडे बघत राहिली. मी म्हटलं, बाळ, माझं चुकलं. तिने एक वाकडी झालेली टाचणी सरळ केली. आक्का, तिने ओरडायला हवं होतं. तुझ्यासारखी ओरडली असती तर मला जेवण गेलं असतं.

मग ती म्हणाली, ‘मामा, शनिवारी आपण परत जायचं. तू फक्त जिवंत राहायचंस. बोलायचं नाहीस.’

तेवढं मी केलं. तीन गावांत, गल्लोगल्ली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवून मला फिरवलं. लोक बाहेर येऊन बघत. पटत नव्हतं. कोणी म्हणे, मेले ते गोरे होते. कोणी म्हणे, हा बदली माणूस सरकारने आणला. एका गृहस्थाने माझं आधार कार्ड मागितलं, ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, कार्ड तर मेलेल्याचंही असतं. मला उत्तर सुचलं होतं, पण बोलायची मनाई होती. शेवटी बऊ काठी टेकत आली. तिने माझा दंड चिमटीत धरून असा पिळला की मी ओरडलो. मग वळून गावाला म्हणाली, ‘जेई आयँ. हमने इनपै पानी डारो तो.’ हेच ते, मीच यांच्यावर पाणी ओतलं, अशी तिची साक्ष झाल्यावर कोणाला बोलायची छाती नव्हती. पण ती पुढे म्हणाली, आता इथे, आमच्यासमोर यांना सुई द्या. मेले नाहीत तर बघू.

शाल्मलीने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या फुटलेल्या कोपराकडे बघितलं, धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलंच होतं.

मी बाही वर केली. समोर एक म्हैस रवंथ करत होती, तिच्यावर नजर ठेवली. म्हशीच्या डाव्या कानाला एक जुनी चीर आहे, उजवा धड आहे, हे मी शपथेवर सांगू शकतो. बऊने माझा दुसरा हात धरला होता, बहुधा मी पळू नये म्हणून, पण धरला होता. झालं. मी उभाच होतो. एक बाई पुढे आली, मग दुसरी, मग रांग लागली, आणि शिवांगीला पेटीतून मान वर काढायला फुरसत मिळेना. त्या दिवशी अठ्ठावीस मुलं झाली, दुसऱ्या दिवशी आठ. बऊने आपले दोन नातू स्वतः पुढे केले. धाकटी नात मात्र पदराआड धरून ठेवली. म्हणाली, महिनाभर या साहेबांना बघते. त्रेचाळिसातली दोन मुलं आजोळी गेली आहेत, आणि ही एक. दवाखान्यातली पोर आता बरी आहे. घरी गेली.

शाल्मली पुन्हा जेवू लागली आहे. आता ती अफवेवरही निबंध लिहिते आहे. माझं मरण पहिल्या गावातून गरौठ्यात पन्नास मिनिटांत पोचलं, बसला सव्वा तास लागतो, असं तिने मोजलं आहे. त्यात माझा उल्लेख ‘बासष्ट वर्षांचे एक पुरुष, संशोधकाचे नातेवाईक’ असा आहे. एवढ्या मोठ्या नोकरीनंतर मी ‘एक पुरुष’ आहे. असो. तुझी लेक चांगली आहे, आक्का. कष्टाळू आहे, मनाने नरम आहे, आणि तिचा मामा आता सुईला भीत नाही. भाऊजींना सादर प्रणाम.

तुझा,
यज्ञेश्वर

ता. क. — हे पत्र फोनऐवजी लिहिण्याचं कारण म्हणजे फोनच्या वेळी शाल्मली समोर बसलेली असते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचा दुसरा डोस असतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तो त्याच गावात, त्याच ओट्यावर, दहा तारखेला ठरला आहे. तरी तू आठ तारखेला फोन करून मला तातडीने साताऱ्याला बोलावून घ्यावंस. माझी सही हवी आहे, एवढंच म्हण. कशावर ते सांगू नको. सही म्हटली की कोणी कारण विचारत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. जानकीला यातलं काही माहीत नाही.

ता. क. — पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून बरं. सकाळी शिवांगी येऊन गेली. बऊचा निरोप आहे, की दहा तारखेला धाकटीला आणते, पण आधी झाशीवाल्या साहेबांना टोचायचं, आणि हात मी धरीन. तेव्हा आठ तारखेला फोन करू नको. वरचा मजकूर खोडलेला नाही, खाडाखोड वाईट दिसते. अकरा तारखेला सकाळी मात्र कर. मीच उचलीन.