सात नंबरचा पंखा

३ डिसेंबर

आजपण सात नंबर! सकाळी पंखा मंद होत होत थांबला आणि माझं चित्त तिकडे. परसातल्या माडांमधून उंच कातळसड्यावरच्या पवनचक्क्या दिसतात. फिरणाऱ्या सगळ्या सारख्याच. थांबलेली असते तिच्यात माझी अक्षया.

दुरुस्तीला चढण्याआधी पंखा बंद करतात. मग खालच्या स्विचला प्रत्येकजण आपापलं लाल कुलूप लावतो, चावी आपल्याच खिशात. कुलूप आहे म्हणजे माणूस वर आहे. दुसऱ्या कुणी ते उघडायचं नाही — साहेबानंसुद्धा! मला हे फार आवडलं. माझ्या लेकीचा जीव तिच्याच खिशात.

दुपारी पंखा फिरायला लागला. खाली आली म्हणायची. मग मी जेवले.

६ डिसेंबर

शेजारची शेवंती, विहिरीवर, माझ्या लेकीवरून: "गो, तुझा चेडू खांबार चढता. नवरो बगूक आमी आता शिडी लावची काय?" सगळ्या हसल्या. मीपण हसले. उत्तर सुचलं ते घरात आल्यावर — नेहमीसारखं!

संध्याकाळी अक्षयाच्या तळव्यांना खोबरेल चोळलं. किती राठ झालेत! "वरसून काय दिसता गो?"

"आपले माड. आणि तू कपडे सुकत घालतस ती."

खोटारडी! इतक्या लांबून?

उद्या पिवळी साडी वाळत घालीन.

१२ डिसेंबर

सात नंबर सकाळपासून थांबलेला. दुपार गेली. सूर्य समुद्राकडे उतरला तरी पंखा हलेना! तिचा फोन लागेना. हे बोटीवर, कुणाला सांगू? पायात चपला सरकवत होते आणि फाटकाचं बेडं वाजलं. अक्षया! शर्टभर ग्रीस, म्हणते, "आई, भूक लागली."

मी रडायलाच लागले. "तू हयसर, मगे पंखो कित्याक थांबलो?"

ती परसात धावली. वर बघितलं, खिशात हात घातला. चावी! पंखा तिच्याबरोबरचा मितेश सुरू करणार होता, म्हणून ही आधी निघाली — आणि आपलं कुलूप काढायलाच विसरली.

तेवढ्यात मितेशचा फोन. आवाज मलाही ऐकू येत होता. "अगो, मी कुलूप कापून टाकतंय. कोणाक कळूचा नाय. पुढच्या महिन्यात तुका कायम करतले, इसारलंस काय?"

"नको. आज माझा कापलंस, तर उद्या तू वर असताना तुझा कापतले."

तशीच उपाशी स्कूटरवर परत गेली. कुलूप काढलं. साहेबांना आपली चूक स्वतः सांगून आली.

१३ डिसेंबर

आता कायम करणार नाहीत, म्हणते. धड जेवली नाही. क्षणभर मनात आलं, बरं झालं, घरी राहील. छे! काय आई मी!

पण सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना बघितलं तिला. चेहरा पडलेला, गाठ मात्र घट्ट. हे धाडस हिला कुणी दिलं? माझ्याकडे तर नव्हतं.

१४ डिसेंबर

पाच नंबर थांबला. म्हणजे आज पाच!

१० जानेवारी

कायम झाली!! साहेब म्हणाले, "चूक आम्ही नोंदवलीय. पण स्वतःचं कुलूप कापू न देणाऱ्या मुलीकडेच नवीन मुलं शिकायला द्यायचीत." अक्षया सांगतानाच रडत होती. मी नारळ फोडला, शेवंतीला पेढे दिले.

"आता शिडी आणखी लांब व्हयी गो!" म्हणाली, आणि दोन पेढे जास्त घेतले.

नवीन मुलं कुठे शिकतात, ते विचारायचं राहूनच गेलं.

२ फेब्रुवारी

परवा कणकवलीला अक्षयाला गाडीत बसवलं. तामिळनाडू. नवीन मुलं तिथे शिकतात.

आज पिवळी साडी वाळत घातली. वर बघितलं. सगळे पंखे फिरतायत. एकही थांबलेला नाही.