रखमाने आधी जेवावे

मी कोंडाजी येसाजी शेलार, राहणार कुडपण, पेटा पोलादपूर, जिल्हा कुलाबा, धंदा शेती, आधी मुंबईस गिरणीत. खोकल्याने छाती पोखरली आहे, पण डोके जाग्यावर आहे. कोणाच्याही दाबाखाली न येता, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो.

कलम १. घर, खालचे शेत आणि बैल माझी बायको रखमा हिचे. आम्हांस मूलबाळ नाही. भाऊ हैबती यास माझी कुऱ्हाड द्यावी. चिलीम देऊ नये. ती मी आता त्याच्या हाती देत नाही म्हणून तो माझ्याशी बोलत नाही. न बोलेना का, पण जगू दे. चिलीम व घोंगडी माझ्याबरोबर जाळावी.

कलम २. माझे काशाचे ताट लांब नेऊन पुरावे. त्याचे कारण असे. आमच्यात बाई नवऱ्याच्या मागून त्याच्याच ताटात जेवते. महाडच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला आणि थुंकी, निजणे, ताट वेगळे हवे म्हणाले; एका ताटाचे ऐकून ते रखमाला रागावले नाहीत. "बाई, यातलं तुला काय जमेल?" एवढेच विचारले. ती म्हणाली, "थुंकायला राखेचं गाडगं ठेवीन, यांना पडवीत निजवीन. पर ताट नाय सोडायची." मी बाजारातून तिला नवे ताट घेतले, ते तिने फळीवर पालथे घातले. पुढच्या खेपेस डॉक्टरांनी मलाही तेच विचारले. मी म्हणालो, ताट तेच राहू दे, आधी ती जेवेल, मागून मी. ते म्हणाले, चालेल, पण रोज ताट उकळत्या पाण्यातून काढा.

पहिले काही दिवस ती रडत जेवली. वाडी हसली, कोंडाजी बायकोचे उष्टे खातो म्हणून. खातो. तिला अजून खोकला नाही. मला दुसरे काही नको.

कलम ३. माझ्यामागे रखमाने नव्या ताटात, गरम, पोटभर जेवावे. माझ्या नावाने उपास धरू नये. मला त्याचे फार वाईट वाटेल.

हे सर्व तिला वाचून दाखवले. कबूल म्हणाली. मग चुलीत लाकूड सारत म्हणाली, "पर मंग माज्या मागनं कोन जेवनार वो?"

याची तजवीज मला करता आली नाही.

सही: कोंडाजी येसाजी शेलार
साक्षीदार: मालोजी शेलार, सही. चांगू शेलार, निशाणी अंगठा.
मुक्काम कुडपण, तारीख १२ माहे जानेवारी सन १९३४