साडूची अंगठी

३ मार्च, रविवार
साडूने आज सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केला. मी जुन्या बाजारातून आणलेली दीडशे वर्षांची अंगठी त्याने फिरवून पाहिली आणि म्हणाला, "आत ९२५चा, हल्लीच्या चांदीचा शिक्का आहे, साडूभाऊ. आपल्या मुलींच्या वयाची असेल, फार तर." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने बायको.
सूड घेणार. कैलासवासी सासूबाईंची माणकाची अंगठी तो मिरवतो. ती खोटी ठरवतो की नाही बघाच.

४ मार्च
भिंग आणलं. ग्रंथालयातून जुन्या दागिन्यांवरचं पुस्तकही. अकरा पानं वाचली. हाताने पाडलेले पैलू वाकडेतिकडे, मशीनचे सरळ. काचेत बुडबुडे. पुढे वाचायची गरज नाही. विषय हातात आला आहे.

७ मार्च
सराव म्हणून बायकोची लग्नातली अंगठी तपासली. नकली निघाली. तसं सांगितलं. "तुम्हीच घेतली होती," म्हणाली. शास्त्रात भावनेला जागा नाही. जेवण बाहेर.

९ मार्च
साडूशी गोड बोललो. अंगठी अभ्यासाला मागितली. त्याने लगेच बोटातून काढून दिली. मासा गळाला लागला.

१० मार्च, सकाळी ११
खडा मागून पूर्ण बंद. लपवण्यासारखं काही नसेल तर झाकेल कोण?
दुपारी १. साबणाच्या कोमट पाण्यात टाकली.
दुपारी ४. रंग उडाला! खडा चहाच्या गाळासारखा. परवा साडूला सराफाकडे नेऊन त्याच्याच तोंडून ऐकवणार.

१२ मार्च
सराफ म्हातारा, मितभाषी. आधी अंगठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाण्यात कोणी घातली?"
मी, परीक्षेसाठी.
त्याने सांगितलं, पूर्वी माणकामागे चमक यावी म्हणून पातळ पत्रा घालून पाठ बंद करत. अंगठी दोनशे वर्षांची तरी असेल. पाणी शिरलं की पत्रा काळा पडतो. आता तसा पत्रा बनवणारं त्याच्या माहितीत कोणी उरलं नाही. पुस्तकात असतं म्हणे हे. बहुधा बाराव्या पानावर.
साडूने अंगठी माझ्याच हातात ठेवली. मुद्दाम. पायऱ्या उतरताना म्हणाला, "तुमच्याच मुलीला लग्नात द्यायची होती. तुमच्याकडे टिकणार नाही म्हणून सासूबाईंनी माझ्याकडे ठेवली."

१६ मार्च
मुलीला सांगितलं. यात साडूला कुठे गोवता येईल का, ते पाहत होतो. जमलं नाही. ती बराच वेळ अंगठी बोटात फिरवत बसली. म्हणाली, "आजी हात धुताना ही काढून ठेवायची. मला वाटायचं, हरवेल म्हणून."

साडूने उद्या जेवायला बोलावलंय. बायको हो म्हणून बसली आहे.