गालिच्याचा खालचा भाग

३ मार्च
मुलाने माझ्याकडून बाहेरच्या दाराची किल्ली काढून घेतली. का? तर मागे एकदा घरी यायला उशीर झाला म्हणून! म्हणे, “आई, तू हरवली होतीस.” हरवले नव्हते, रस्ता चुकले होते. फरक आहे.

४ मार्च
फोनवर गालिच्यांच्या कारखान्यातल्या फोरमनचा निरोप दिसला – “मॅडम, मोठ्या गालिच्याच्या नक्षीत खाली पुन्हा वरचीच फुलं दिसतायत.” नक्षी पडद्यावर काढणारा तो प्रोग्राम मी तिथे नोकरीत असताना ‘सी’ भाषेत लिहिला. कारखान्यात अजून त्याच जुन्या डॉसच्या संगणकावर चालतो; एक प्रत माझ्याकडेही आहे.
सून म्हणाली, “आता कशाला डोक्याला ताप?” डोकं आहे म्हणून ताप, बाई!
मुलगाही संगणकातलाच, पण ह्या पोरांना मेमरी म्हणजे नळाचं पाणी. त्याला म्हटलं, चूक शोधली तर किल्ली परत. हसला. “दिली!”

६ मार्च
फाईल बरोबर. मोजमाप बरोबर. फुलं वरचीच.
सून कुलूप लावून कामाला जाते. आग लागली तर? “शेजारचे काका आहेत ना.” काका ठार बहिरे! तीच खोली, तीच खिडकी, समोर तीच भिंत.

७ मार्च
काही नाही. जेवले नाही. दोघं कुजबुजतात – मला ऐकू येतं.

८ मार्च
सापडलं! डॉसच्या जुन्या पद्धतीत, रिअल मोडमध्ये, मेमरीतल्या पत्त्याचे दोन भाग – मेमरीचा तुकडा कुठला, आणि त्यात किती आत. पत्ता धरून ठेवणारा पॉइंटर ‘फार’ जातीचा असेल, तर पुढे सरकवला की त्यातला फक्त दुसरा आकडा वाढतो. तुकड्याचे चौसष्ट केबी संपले की तो पुढच्या तुकड्यात जात नाही, मुकाट त्याच तुकड्याच्या आरंभाला येतो. लहान गालिचे त्यात मावत होते, हा मावला नाही. ‘फार’च्या जागी ‘ह्यूज’ लिहिलं. एक शब्द! खालची फुलं खाली.
मुलगा वाकून बघत राहिला. “आई, आमच्याकडे कुणाला सुचलं नसतं.” सुचणार कसं? तुम्हाला गणिताला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर नव्हत्या.
त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी आभार मानले नाहीत. माझीच होती.

९ मार्च
फोरमनला फोन करून शब्द सांगितला. तो हळूच म्हणाला – “मॅडम, हे तुम्ही मागच्या महिन्यातच सांगितलंत. तो गालिचा विणून गेलासुद्धा.”
निरोपाची तारीख पाहिली. फेब्रुवारी.
सून भांडी विसळत होती. किल्ली ओट्यावर ठेवली. म्हटलं, “तुझ्याकडेच असू दे.”