भिंतीतला बल्ब

तीर्थरूप बाबा,

पत्रात आधी इकडची खुशाली लिहावी, मग तिकडची विचारावी, असं तुम्हीच शिकवलं होतं. इकडची काय लिहू, तेच कळत नाही. तुमची तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, अन् आपल्या घरात भर दुपारी बल्ब जळतो आहे. माय कोणालाच बटनाला हात लावू देत नाही. मला उद्या सासरी गोंदियाला परतायचं आहे. मग विचारू कोणाला? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

अन् हे तुमच्या घरात! बालाघाटला आपल्या मोहल्ल्यात वीज आली तेव्हा लोकांनी खोलीखोलीत बल्ब लावले. तुम्ही सब्बल घेऊन मधली भिंत फोडली, वीतभर झरोका केला अन् त्यात एकच बल्ब टांगला. अर्धा उजेड मायच्या चुलीला, अर्धा आमच्या अभ्यासाला. दादाच्या पाटीवर मायच्या हाताची सावली हलायची. तो कुरकुरला की तुम्ही म्हणायचे, "थोडा सरकून बस नं."

जेवण संपायच्या आत तुम्ही बत्ती बुझवायचे. "घास काय नाकात जाते अंधारात?" मला पाहायला आले, तेव्हाही चहाच्या कपबशा खाली ठेवल्याबरोबर तुम्ही बटन दाबलंत. त्यांना वाटलं, लाइन गेली. यांनी त्यावरून मला चिडवणं अजून सोडलेलं नाही.

तर झालं असं. तुमचा जीव गेला त्या जागेवर मायनं दिवा ठेवला होता. तेरवीपर्यंत तो विझू द्यायचा नसतो. एका सकाळी पाहते तर उंदरानं तेलातली वातच ओढून नेलेली. माय ओरडली, "तुह्या बाबाले वाट कशी दिसन वं?" तिनं धावत जाऊन बल्ब लावला. झरोक्यातला उजेड नेमका तुमच्या जागेवर पडला, तेव्हा कुठे तिला धीर आला. दिवा पुन्हा लावला, पण बल्ब तसाच राहिला. आता दिवा उचलला, तरी बल्ब सुरूच.

दादा तुमच्यावरच गेला आहे. "बाबानं हे पाह्यलं असतं तं?" म्हणत काल त्यानं बटन दाबलं. माय भरल्या ताटावरून उठली अन् बल्ब परत लावून आली. मला दोघांचंही पटतं, बाबा. तुमच्या नावानं दिवसाढवळ्या वीज जाळली तर तुम्ही रागावणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तिकडे खरंच अंधार असला तर? तेव्हाही रागावाल का?

आज माय तांदूळ निवडत होती. मी जवळ बसले. म्हटलं, "माय, काहून जाळून राह्यली? बाबाले आवडत नव्हतं नं?"

ती सूप खाली ठेवून म्हणाली, "तुले काय मालूम? उजेडात तुहा बाप माह्यासंग कधी बोललाच नाही. आधी सासू-सासरे होते, मंग तुम्ही. बत्ती बुझवली का मंग बोले. तवाच आमचं बोलणं."

"मंग आता बुझव नं."

"बुझवली, अन् तो नाही बोलला तं?"

आम्ही अख्ख्या मोहल्ल्यात तुम्हाला चिक्कू ठरवलं. तुम्ही बत्ती बिलासाठी बुझवत होते की मायसाठी? की दोन्हीसाठी? शेजारच्या खोलीत झोपून मला एक शब्दही कधी कसा ऐकू आला नाही? "काय बोलत होते बाबा?" असं मी तिला विचारलं, तर तिनं सूप उचललं अन् पुन्हा खडे शोधायला लागली.

उद्या मी जात नाही. राजेगावकडून गोंदियाला जाणाऱ्या मोटारीत कोणाजवळ तरी यांना निरोप देते. आज जेवणं झाली की बटन मी दाबीन अन् मायला चिकटून बसेन. तुम्ही काय बोलायचे, मला माहीत नाही. मला तसं जमणारही नाही. पण बत्ती बुझवल्यावर मायला एकटीला वाट पाहत बसू देणार नाही, एवढं वचन देते. ती नाही बोलली, तरी मी बोलत राहीन.

फक्त सुरुवात कशानं करायची, बाबा?

तुमची,
सुमी